संशयाची मोजदाद

संशयावांचून पोलिसांचें काम चालत नाहीं, हें कोणीही सुज्ञ मनुष्य कबूल करील. मध्यरात्रीं दुकानाच्या कुलुपाशीं खटपट करणाऱ्या इसमास शिपायानें हटकलें, तर त्यास दोष कोण देणार? परंतु संशयाचा उगम कोठें असावा, हा प्रश्न निराळा आहे. मनुष्याच्या कृतीवरून संशय आला तर तो तपासाचा आरंभ होय. त्याच्या कातडीवरून किंवा कुळावरून आला तर तो तपास नव्हे, निकालच होय, आणि तोही दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीं दिलेला. हा भेद बोलून दाखविणें सोपें. न्यायालयांत सिद्ध करणें फार कठीण. कारण अमक्यासच कां अडविलें, हें शिपायाच्या मनावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक? अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत १९९० नंतरच्या दहा वर्षांत कांहीं वकिलांनीं या कठीण कामास हात घातला. ज्या साधनानें त्यांनीं तें बऱ्याच अंशीं तडीस नेलें, तें इतकें साधें होतें कीं त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटलें.

प्रथम त्या काळची परिस्थिति पाहूं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मादक द्रव्यांचा व्यापार फार फोफावला होता. माल एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत जातो तो लांबलचक राजमार्गांवरून, म्हणून पोलिसांनीं त्या मार्गांवर नजर रोखली. माल वाहून नेणारा मनुष्य कसा ओळखावा, याचें एक वर्णन तयार करून तें शिपायांस शिकविण्यांत येऊं लागलें. त्यांत भाड्याची मोटार, घाईचा प्रवास, विशिष्ट मार्ग, बोलण्यांतील घाबरेपणा, अशा खुणा असत. पण हजारों मोटारींतून नेमकी एक अडवावयाची कशी? त्यास वाहतुकीचे नियम उपयोगी पडले. वेगाची मर्यादा बहुतेक सर्वच ओलांडतात. आणि ज्या नियमाचा भंग सर्वच करितात, तो नियम शिपायाच्या हातीं निवडीचें साधन होऊन बसतो. हजारांनीं मोडलेल्या नियमासाठीं एकास थांबवावें, आणि मग मोटारीची झडती मागावी, असा क्रम पडला. दारू पिऊन मोटार हांकणें हा जसा गुन्हा, तसा ‘काळें असून मोटार हांकणें’ हाही एक गुन्हाच आहे, असा कडवट विनोद काळ्या लोकांत रूढ झाला तो यामुळेंच.

ता. ८ मे १९९२ च्या पहांटे मेरीलंड संस्थानांत, डोंगराळ मुलखांतील कंबरलंड या गांवाजवळ, अशीच एक भाड्याची मोटार अडविण्यांत आली. आंत चार काळीं माणसें होतीं. शिकागो येथें एका वृद्धाची उत्तरक्रिया आटोपून तीं वॉशिंग्टनकडे परत निघालीं होतीं. त्यांत मृताचा नातू रॉबर्ट विल्किन्स होता व त्याचे चुलता, चुलती आणि चुलतभाऊ होते. विल्किन्स तेव्हां २८ वर्षांचा होता. त्यानें प्रथम रसायन-अभियांत्रिकीची पदवी घेतली, मग हार्वर्ड येथें कायद्याचा अभ्यास केला, आणि वॉशिंग्टनमध्यें गरीब आरोपींचा सरकारी खर्चानें बचाव करणाऱ्या कचेरींत तो वकिली करीत होता. त्याच सकाळीं एका खटल्यासाठीं त्यास न्यायालयांत उभें राहावयाचें होतें.

शिपायानें वेगाचें कारण सांगितलें, आणि मग झडतीस संमति असल्याचा एक छापील कागद सहीसाठीं पुढें केला. विल्किन्सनें आपण वकील आहों हें सांगून, कारणावांचून झडती घेण्याचा अधिकार पोलिसांस नाहीं, असें शांतपणें बजावलें. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवाड्याचें नांवही सांगितलें. लपविण्यासारखें कांहीं नसेल तर हरकत कसली, असा शिपायाचा उलट सवाल आला. या सवालाचा मासला आमच्या वाचकांस परका वाटूं नये; सत्तेस जेव्हां कारण देतां येत नाहीं, तेव्हां ती नेहमीं समोरच्याकडेच कारण मागते. संमति मिळेना, तेव्हां हुंगणारा कुत्रा मागविण्यांत आला. चौघांस मोटारींतून उतरवून पावसांत रस्त्याच्या कडेस उभें करण्यांत आलें, आणि आजोबांच्या दुःखांतून नुकतींच निघालेलीं तीं माणसें जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरा झेलीत कुत्र्याचें हुंगणें संपण्याची वाट पाहत राहिलीं. कुत्र्यास कांहीं सांपडलें नाहीं. १०५ डॉलर दंडाची चिठ्ठी हातीं ठेवून शिपायानें त्यांस वाटेस लावलें.

येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. त्या रात्रीं विल्किन्सजवळ विद्या होती, पद होतें, भाषा होती, आणि कायद्याचें नेमकें कलम जिभेवर होतें; तरी रस्त्यावर त्यांतलें कांहीं उपयोगी पडलें नाहीं. कायदा जाणणारा पावसांत उभा राहिला, आणि कायदा मोडणाऱ्याच्या हातीं कंदील राहिला. मग ज्यास कायद्याचें नांवही ठाऊक नाहीं अशा मजुराची त्या जागीं काय कथा! अशा प्रसंगीं सुशिक्षित मनुष्य बहुधा काय करितो, हें आपणांस अनुभवानें माहीत आहे. तो दंड भरतो, घरीं येऊन दोन दिवस चडफडतो, आणि मग आपल्या मानाची माणसें अशा भानगडींत पडत नाहींत अशी मनाची समजूत घालून स्वस्थ बसतो. विल्किन्सचें वेगळेपण येवढेंच कीं, तो स्वस्थ बसला नाहीं. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरिकांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेच्या साहाय्यानें त्यानें व त्याच्या नातलगांनीं १९९३ मध्यें मेरीलंडच्या पोलीस खात्यावर फिर्याद गुदरली.

फिर्यादीच्या ओघांत खात्याच्या दप्तरांतून एक कागद बाहेर आला. अटकावाच्या थोडेच दिवस आधीं त्या भागांतील शिपायांस तो पाठविण्यांत आला होता, आणि त्या मार्गानें माल नेणारे लोक मुख्यतः काळे स्त्रीपुरुष असतात, असें त्यांत लिहिलें होतें. जो संशय शिपायाच्या मनांत दडलेला समजत होते, तो असा शाईनें लिहिलेला सांपडला. १९९५ च्या आरंभीं खात्यानें तडजोड केली. नुकसानभरपाई मिळाली, वर्णावरून संशय घेऊं नये असा नियम झाला. पण आमच्या मतें खरें महत्त्वाचें कलम तिसरेंच होतें. यापुढें मोटारचालकाच्या संमतीनें किंवा कुत्र्याच्या साहाय्यानें जी जी झडती होईल, तिची चालकाच्या वर्णासह नोंद ठेवून ती न्यायालयापुढें मांडावी, असें खात्यानें मान्य केलें. कारकुनी दिसणाऱ्या या एका कलमानें पुढें जें केलें, तें भरपाईच्या रकमेनें कधींच झालें नसतें.

हें चाललें असतां न्यू जर्सी संस्थानांत गरिबांच्या बचावाचे सरकारी वकील दुसऱ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचत होते. तेथें टर्नपाइक नांवाचा जकातीचा मोठा राजमार्ग आहे. त्या मार्गावर पकडलेले आपले अशील पाहावे तों बहुतेक काळे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली होती. पण न्यायालयांत ‘ध्यानांत आलें’ येवढ्यानें भागत नाहीं. कोणी म्हणेल, त्या रस्त्यानें काळेच अधिक जात असतील. कोणी म्हणेल, तेच अधिक वेगानें हांकीत असतील. तेव्हां प्रथम रस्त्यावरचीं माणसें मोजणें प्राप्त होतें. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांच्या देखरेखीखालीं १९९३ च्या जूनमध्यें रस्त्याच्या कडेस बसून चाळीस हजारांहून अधिक मोटारी मोजण्यांत आल्या, शेंकडा १३.५ मोटारींत काळीं माणसें दिसलीं. पुढल्या महिन्यांत त्या कचेरींतील एका वकिलानें आपली मोटार ताशीं ६० मैल या एकाच वेगास बांधून ठेविली. त्या रस्त्याची मर्यादा होती ५५. आपणांस मागें टाकणारी आणि आपण मागें टाकलेली प्रत्येक मोटार तो नोंदीत गेला. शेंकडा ९८ हून अधिक मोटारी मर्यादा ओलांडीत होत्या, आणि त्या ओलांडणाऱ्यांत काळ्यांचें प्रमाण शेंकडा १५ होतें. त्याच मार्गाच्या दक्षिण टोंकास पोलिसांनीं अडविलेल्या ज्या चालकांचा वर्ण कळूं शकला, त्यांत मात्र काळे शेंकडा ४६.२ निघाले.

याहूनही बोलका असा दुसरा एक हिशेब त्या खटल्यांत पुढें आला. वेग यंत्रानें मोजून दंड करणारी जी पोलिसांची तुकडी होती, तिनें दंड केलेल्यांत काळे शेंकडा १८ होते. वाहतुकीच्या खास बंदोबस्तावरील तुकडीच्या बाबतींत तेंच प्रमाण शेंकडा २३.८ झालें. आणि कोणास थांबवावें हें सर्वस्वीं ज्यांच्या मर्जीवर होतें, त्या साध्या गस्तीच्या शिपायांच्या बाबतींत तें शेंकडा ३४.२ वर गेलें. यंत्रास मोटारीचा वेग दिसतो, चालकाचा चेहरा दिसत नाहीं. मर्जीचा वांटा जसजसा वाढला, तसतसा काळ्यांचा वांटा वाढला. मनुष्याच्या मनांतील पक्षपात तोलण्याचा कांटा कोणी शोधून काढला असेल, तर तो हाच, असें आम्हांस वाटतें. ता. ४ मार्च १९९६ रोजीं न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनीं हे आंकडे ग्राह्य धरून, सतरा काळ्या आरोपींविरुद्ध अशा अटकावांतून मिळविलेला पुरावा रद्द ठरविला.

या निकालानंतर तीनच महिन्यांनीं, जून १९९६ मध्यें, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत असें ठरविलें कीं, वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर शिपायाच्या मनांतील हेतु कोणता होता हें झडतीविषयक कलमाखालीं पाहावयाचें नाहीं. वर्णभेदाची तक्रार असेल तर ती समतेच्या कलमाखालीं आणावी. म्हणजे मनाची झडती घेण्याचें एक दार बंद झालें, आणि दुसरें उघडें राहिलें तें फार जड. हेतु विचारतां येत नाहीं, मग परिणाम मोजून दाखविणें हाच मार्ग उरला. पोलिसांच्या वह्यांस या लढ्यांत इतकें महत्त्व कां आलें, याचा उलगडा येथें होतो.

आतां मेरीलंडच्या वह्यांकडे वळूं. बाल्टिमोरच्या उत्तरेस जो मोठा राजमार्ग जातो, तेथें जानेवारी १९९५ पासून सप्टेंबर १९९६ पर्यंत ८२३ चालकांच्या झडत्या झाल्याचें पोलिसांच्याच नोंदींवरून निघालें. त्यांत ६०० काळे होते, म्हणजे शेंकडा ७३ च्या जवळपास; गोरे १६२. याच लॅम्बर्थ यांनीं त्या रस्त्यावरील ५,७४१ मोटारी पाहिल्या, त्यांत काळे चालक शेंकडा १६.९ आणि नियम मोडणाऱ्यांतील काळे शेंकडा १७.५. पण खरी मेख पुढेंच आहे. काळ्यांच्या झडत्यांत शेंकडा २८.४ वेळां कांहीं निषिद्ध माल सांपडला; गोऱ्यांच्या झडत्यांत शेंकडा २८.८ वेळां.

हे दोन आंकडे वाचकांनीं शेजारीं ठेवून पाहावे. ‘काय करावें, अनुभवच तसा आहे,’ हा पक्षपाताचा नेहमींचा बचाव असतो. काळ्यांची झडती घेतली कीं काळेच गुन्हेगार सांपडणार. ते सांपडले कीं काळ्यांचीच झडती अधिक घेणार. आणि या चक्रास अनुभव असें भारदस्त नांव मिळणार. जाळें एकाच डोहांत टाकणाऱ्या कोळ्यानें, मासे काय ते याच डोहांत आहेत असें शपथेवर सांगावें, तशांतलाच हा प्रकार. वहीनें तो अनुभवच खोटा ठरविला. शिवाय त्याच आंकड्यांचा दुसरा अर्थ असा कीं, झडती झालेल्या ६०० काळ्या चालकांपैकीं सुमारें ४३० जणांपाशीं आक्षेपार्ह असें कांहींच नव्हतें. तीं ४३० माणसें कामावरून, लग्नाहून, उत्तरक्रियेहून घरीं चाललीं होतीं. त्यांच्यापैकीं फिर्याद करणारे किती असणार!

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. न्यू जर्सींतील सतरा आरोपी कांहीं सगळेच विल्किन्ससारखे निष्कलंक प्रवासी नव्हते. त्यांच्या मोटारींतून निघालेला पुरावा वगळला गेला, म्हणजे कांहीं खऱ्या गुन्हेगारांसही लाभ झाला. मग हा न्याय कसला? आमचें उत्तर असें कीं, गुन्हेगारास झालेला तो लाभ ही न्यायाची किंमत नसून पक्षपाताची किंमत आहे, आणि तिची जोखीम पक्षपात करणाऱ्यानेंच उचललेली होती. दुसरेंही एक म्हणणें आहे, तें आमच्याच पक्षाविरुद्ध जाणारें. समजा, काळ्यांच्या मोटारींत माल थोडा अधिक सांपडला असता, तर ही वागणूक न्याय्य ठरली असती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शेजाऱ्याच्या अपराधाबद्दल निरपराध्यानें रस्त्यांत उभें राहावें, हें कोणत्याही टक्केवारीनें न्याय्य होत नाहीं. आंकड्यांनीं खोट्या अनुभवाचें तोंड बंद केलें हें त्यांचें मोठें काम. पण न्यायाचा पाया आंकड्यांवर नाहीं, माणसावर आहे, हें त्या आंकड्यांच्या आनंदांतही विसरतां कामा नये.

वह्यांनीं एका दिवसांत माणसें सुधारलीं, असेंही कोणी समजूं नये. ता. २३ एप्रिल १९९८ रोजीं त्याच टर्नपाइकवर पोलिसांनीं अडविलेल्या एका मोटारीवर अकरा गोळ्या झाडल्या. आंत बास्केटबॉलच्या शिबिरास निघालेले चार निःशस्त्र तरुण होते, तीन काळे आणि एक लॅटिन वंशाचा. त्यांपैकीं तिघे जखमी झाले. त्यानंतर १९९९ च्या एप्रिलमध्यें संस्थानच्या मुख्य कायदे-अधिकाऱ्यानें वर्णावरून होणारा भेदभाव खरा आहे असें कबूल केलें, न्यू जर्सीच्या निकालावरील अपील मागें घेतलें, आणि वर्षअखेरीस मध्यवर्ती सरकारशीं करार होऊन पोलीस खात्यावर बाहेरची देखरेख आली. ती २००९ पर्यंत राहिली. मेरीलंडमध्येंही तडजोडीनंतर झडत्यांचें प्रमाण नीट झालें नाहीं, म्हणून १९९८ मध्यें दुसरी फिर्याद करावी लागली; तिचा करार २००३ त झाला आणि भरपाईचा भाग मिटावयास २००८ साल उजाडलें. एका पहांटेच्या अटकावाचा हिशेब पुरा होण्यास सोळा वर्षें लागलीं. मधल्या काळांत अडविलेल्या मोटारींची नोंद ठेवणें कांहीं संस्थानांनीं कायद्यानेंच आवश्यक केलें. त्यांत १९९९ मध्यें नॉर्थ कॅरोलायना पहिलें होतें. विल्किन्स स्वतः २०१० मध्यें वॉशिंग्टन येथील मध्यवर्ती जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आणि २०१४ मध्यें तेथील अपील न्यायालयावर त्याची नेमणूक झाली.

परक्या देशाची ही हकीकत वाचून, आपल्याकडे काळेगोरे नाहींत, असें समाधान कोणी मानूं लागेल, तर त्यास आम्ही आपल्याच भाषेंतील एका शब्दाची आठवण देऊं. ठकास आपण ‘भामटा’ म्हणतों. तोच शब्द एका जमातीचें नांव म्हणून सरकारी यादींत आहे. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा अनेक जमातींस इंग्रज सरकारनें १८७१ च्या व त्यामागून झालेल्या कायद्यांखालीं जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, त्यांच्यामागें हजेरी लावली, आणि तारांच्या कुंपणांत त्यांच्या वसाहती केल्या. तो कायदा ता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला, म्हणून त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. कायदा गेला, पण गांवांत चोरी झाली कीं प्रथम पालाकडे वळणारी नजर गेली काय? ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर निकाल देतांना, आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानी अटक होऊं नये असें पोलिसांस बजावलें. बजावण्याची गरज पडली, यांतच उत्तर आलें. याही ठिकाणीं कामास आली ती एका सुशिक्षित व्यक्तीची नोंदी जमविण्याची चिकाटीच, ही गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे.

आमचें मासिक ज्या घरांत वाचलें जातें, त्या घरांतील तरुणांस रस्त्यांत कोणी सहसा अडवीत नाहीं. अडविलें तर नांव, आडनांव आणि दोन इंग्रजी वाक्यें ऐकून सोडून देतो. ही आपली पुण्याई नव्हे. ती त्याच नजरेची दुसरी बाजू आहे, जी पालांतल्या माणसास सोडीत नाहीं. विल्किन्सचें शिक्षण त्यास पावसांतून वांचवूं शकलें नाहीं, पण तें त्यानें सकाळीं कचेरींत पोंचल्यावर कामीं लाविलें. आपल्या घरांतून वकील, हिशेबनीस, पत्रकार, संख्याशास्त्रज्ञ दरवर्षीं निघत आहेत. चौकीवर काल कोणास आणलें, कां आणलें, आणि काय सांपडल्यावर सोडलें, हें लिहून ठेवण्यास मोठें शौर्य लागत नाहीं. एक वही लागते, आणि ती वर्षानुवर्षें भरण्याचा कंटाळा न करणारा मनुष्य लागतो.